रस्त्याच्या कडेचा उडता माणूस

भावाला जाऊन आठ महिने झाले होते. एका रविवारी सकाळी त्याची बायको आमच्याकडे आली, आईजवळ थोडा वेळ बसली आणि निघताना पिशवीतून एक काळी डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली. सोबत दोन रिमोट होते, वायरी रबरबँडने गुंडाळलेल्या.

"मोटाभाई, हे तुम्ही राखा," ती म्हणाली. ती गुजराती. लग्नाला अठरा वर्षं झाली, मराठी चांगलं बोलते, पण मला पहिल्या दिवसापासून मोटाभाईच म्हणते. "मला ह्यातलं काही समजत नाही. ते आजारी असताना मागवलं होतं. लहानपणाच्या सगळ्या गेम आहेत म्हणे ह्यात."

"मी काय करू याचं?"

"खेळा ने. तुम्ही पण खेळायचात ना? ते सांगायचे."

मी सत्तेचाळीस वर्षांचा, कॉलेजात शिकवणारा माणूस. लग्न केलं नाही. आई आणि मी, दोघंच राहतो. ती डबी मी पंधरा दिवस पुस्तकांच्या मागे सरकवून ठेवली. आईने दोनदा विचारलं, "ते काय आहे रे?" मी म्हटलं, "काही नाही, चार्जर." ही थाप होती. पण आमच्या घरात थापांसाठी माझं नाव कधीच झालं नाही. ते झालं माझ्या भावाचं. त्याबद्दलच मला लिहायचं आहे, आणि मला लिहायला फार उशीर झाला आहे.

आम्ही लहानपणी वाडीत राहायचो. मी तेरा वर्षांचा आणि तो दहाचा असताना घरी टीव्ही गेम आला. पांढरं-तांबडं प्लॅस्टिकचं यंत्र, वरच्या खाचेत कॅसेट बसवायची. कॅसेटवर हजारो खेळ असल्याचं छापलेलं असायचं, प्रत्यक्षात वीस-पंचवीसच निघायचे आणि बाकी त्यांचीच पुन्हा पुन्हा नावं. चित्र आलं नाही की कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. त्याने खरंच काही होत असे का, हे मला आजही माहीत नाही. आम्ही मारायचो.

त्या यंत्राला स्मरणशक्ती नव्हती. बटण बंद केलं की सगळं पुसलं जायचं. कुणी किती गुण केले, कुठवर पोचला, याचा मागमूस राहत नसे. त्यामुळे रोज भांडणं. मी म्हणायचो माझे जास्त, तो म्हणायचा त्याचे.

यावर बाबांनी उपाय काढला. बाबा रिफायनरीच्या प्रयोगशाळेत होते. तिथे पाळीच्या नोंदवहीत प्रत्येक आकड्यापुढे दोन सह्या लागत, एक नोंद घेणाऱ्याची आणि एक पाहणाऱ्याची. दुसरी सही नसेल तर तो आकडा नव्हताच असं धरलं जायचं. बाबांनी तसलीच एक लांबट वही घरी आणली, पट्टीने रकाने आखले आणि सांगितलं, "इथे लिहायचं. खेळणाऱ्याने लिहायचं, दुसऱ्याने डोळ्यांनी पडद्यावर पाहून सही करायची. पाहिलं नाही तर सही नाही, आणि सही नाही तर नोंद नाही. मग भांडायचं कारणच उरत नाही."

आम्हाला ते फार मोठेपणाचं वाटलं. आम्ही सह्यांचा सराव केला. मी आडवी, वळणदार सही करायचो. भाऊ स्वतःचं पूर्ण नाव काढायचा, आणि ते रकान्याबाहेर जायचं.

आमचा सगळ्यात आवडता खेळ गाडीचा होता. वरून दिसणारा रस्ता, त्यावर एक लाल गाडी, पुढे येणाऱ्या गाड्या चुकवत जायचं. पेट्रोल संपायच्या आत टप्पा गाठायचा. धडकलात की वेळ जातो आणि पेट्रोलही. वहीत त्या खेळाच्या पानावर सगळ्यात वरचा आकडा माझा होता. तो मी उन्हाळ्याच्या सुट्टीत केला होता, भावाने पाहून सही केली होती, आणि दिवाळीपर्यंत तो कुणाला ओलांडता आला नव्हता. "कुणाला" म्हणजे त्यालाच. खेळणारे आम्ही दोघंच होतो.

यानंतरची गोष्ट आमच्या नात्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. मामा ती सगळ्यात चांगली सांगतो.

ती अशी. दिवाळीनंतरच्या एका दुपारी आई-बाबा बाहेर गेले होते. संध्याकाळी घरी येतात तो धाकट्याने वहीत माझ्यापेक्षा मोठा आकडा लिहून ठेवलेला. पुढे पाहणाऱ्याची सही नाही. बाबांनी विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "बाबा, खूप वेळ न धडकता गाडी चालवली की रस्त्याच्या कडेने एक माणूस उडत येतो. त्याचे हजार गुण मिळतात. मला मिळाले."

"कोण येतो?"

"माणूस. एवढासा. हात पुढे करून उडतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू पाहिलंस?"

मी म्हटलं, "नाही. मी पाहिलं नाही."

बाबांनी त्या ओळीवर लाल रेघ मारली, शेजारी "नोंद रद्द" लिहिलं आणि खाली सही केली. भाऊ रडला, म्हणाला, "होता, खरंच होता," आणि जेवला नाही. आई म्हणाली, "खोटं बोलणाऱ्याला मनवायला मी येणार नाही." तो उपाशीच झोपला.

इथे मामा नेहमी थांबतो, मग डोळे मोठे करून म्हणतो, "आणि तो उडता माणूस? तो गेला जेवून!" सगळे हसतात. भाऊही हसायचा.

तेव्हापासून आमच्याकडे ते रूढच झालं. त्याला शाळेतून उशीर झाला की, "काय रे, उडता माणूस भेटला होता का?" परीक्षेत गुण कमी पडले की, "उडत्याचे हजार धरलेस का?" पुढे पुढे तो खरोखरच थापा मारायला लागला, आणि फार छान मारायचा. नोकरीनिमित्त फिरतीवर जायचा, परत आला की भरूचच्या पुलावर अमुक झालं, आणंदला तमुक झालं. आम्ही पोट धरून हसायचो. लग्नानंतर त्याच्या बायकोलाही आईने पहिल्या आठवड्यात सांगून टाकलं, "याचं सगळं अर्ध्याने कमी करून ऐकायचं हं. हा आमचा थापाड्या." ती हसली नव्हती. तिला तेव्हा मराठी नीट कळत नाही म्हणून, असं आम्ही समजलो.

पंधरा दिवसांनी मी ती डबी टीव्हीला जोडली. आई दुपारी शेजारच्या बाईंकडे भजनाला गेली होती.

वायर लावली आणि खेळांची यादी लगेच समोर आली, स्वच्छ आणि क्रमवार. फुंकर मारायची काही सोय नव्हती, गरजही नव्हती. नव्या मोठ्या पडद्यावर ते जुने चौकोन इतके ठळक दिसत होते की मला संकोच वाटला. लहानपणी ज्याला मी झाडी समजत होतो ते हिरवे ठोकळे होते. मात्र आवाज तोच होता. गाडी सुरू होतानाचा तो चढत जाणारा सूर ऐकला आणि मला रिमोट खाली ठेवून पाच मिनिटं बसावं लागलं.

या नव्या यंत्रात खेळ हवा तिथे थांबवून जपून ठेवता येतो. प्रत्येक खेळाला चार कप्पे, आणि कप्प्यावर त्या क्षणाचं लहानसं चित्र. गाडीच्या खेळात पहिला कप्पा भरलेला होता. ते चित्र मी ओळखलं, कारण ते मी आधी पाहिलं होतं.

गेल्या वर्षी, त्याचे उपचार चालू असताना, एका सकाळी त्याने मला फोनवर एक फोटो पाठवला. टीव्हीच्या पडद्याचा फोटो होता, हललेला. खाली लिहिलं होतं, "दादा, बघ. आता तरी सही कर." मी वर्गात जात होतो. फोटो मोठा करून पाहिलाही नाही. उत्तर लिहिलं, "हल्ली फोटो काय, काहीही बनवता येतं," आणि पुढे हसणारा चेहरा टाकला. त्यानेही हसणारा चेहरा टाकला. तो विषय तिथे संपला. मी ते संभाषण पुसलेलं नाही. फोनमध्ये वर सरकवत गेलं की ते येतं.

तो कप्पा मी उघडला नाही. त्याच्या मदतीशिवाय तिथवर जायचं असं मी ठरवलं. यात काही चांगुलपणा नव्हता. इतक्या वर्षांनंतरही मला कदाचित त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नव्हता, स्वतः तपासायचं होतं.

मला चार दिवस लागले. आई भजनाला गेली की एक तास. चष्मा बदलला तर पडदा दिसायचा, पण अंगठा ऐकायचा नाही. समोरची गाडी दिसते, कळतं की डावीकडे घ्यायचं, आणि हात घेतो तोवर धडकलेलं असतं. या यंत्रात चूक झाली की मागे नेऊन पुन्हा खेळायची सोय आहे. ती मी वापरली नाही. चौथ्या दिवशी बराच वेळ धडकलो नाही. किती वेळ ते मोजलं नाही. आणि मग डाव्या कडेला, खालून वर, तो आला.

एवढासा. हात पुढे केलेले. रस्त्याच्या कडेने सरळ वर गेला आणि दिसेनासा झाला. दोन सेकंदसुद्धा नसतील. वर हजार गुण वाढले. मी थांबवायचं बटण दाबायला गेलो, तोवर माझी गाडी कठड्यावर आपटली होती.

तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षं माझ्या डोक्यात आली नव्हती. त्या दिवाळीत माझ्या भावाने उडता माणूस पडद्यावर असताना खेळ थांबवला होता. दोन सेकंदांत. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला जमणारं नाही. म्हणजे त्याने तो आधी पाहिला होता, कदाचित दोनदा, तीनदा. कुणी विश्वास ठेवणार नाही हे ओळखून गप्प राहिला होता. मग त्या दुपारी अंगठा बटणावर ठेवून त्याची वाट पाहत खेळला होता, मला दाखवता यावा म्हणून.

खेळ थांबवला होता हे मला माहीत आहे, कारण मी तिथे होतो. मामाच्या गोष्टीत हा भाग नाही. तोवर मी तो कुणालाच सांगितलेला नव्हता.

त्या दुपारी मी आतल्या खोलीत हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, वाचत पडलो होतो. बाहेरून त्याची हाक आली, "दादा, ये! लवकर ये! मी पॉज केलंय!" त्याच्या आवाजावरून मला समजलं की माझा आकडा गेला. मी म्हटलं, "येतो." आणि वाचत राहिलो. तो हाका मारत राहिला. "दादा, ये ना. मी हलवत नाहीये काही. तू नुसतं बघ." मी एक प्रकरण संपवलं, मग दुसरं काढलं. अर्धा तास तरी गेला असेल. त्याने जागा सोडली नाही, कारण रिमोटला धक्का लागला तर खेळ चालू होईल याची त्याला भीती होती.

शेवटी मी उठलो आणि दारात गेलो. तो पडद्याकडे बोट दाखवत होता. "हा बघ! कडेला बघ!" मी पडद्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. मान दुसरीकडे वळवून मी भिंतीजवळ गेलो, अडॅप्टरला हात लावला, म्हणालो, "केवढा तापलाय हा. बाबा रागावतील," आणि बटण बंद केलं.

म्हणून संध्याकाळी बाबांनी विचारल्यावर मी बोललो ते अक्षरशः खरं होतं. मी पाहिलं नव्हतं. खोटं कसं बोलायचं नाही हे त्या वहीने मला शिकवलं होतं, आणि मी त्याच वहीच्या नियमाचा असा उपयोग केला. बाबा नंतर मला म्हणाले, "तू भावासाठीसुद्धा खोटी सही केली नाहीस, हे मला आवडलं." मी ते ऐकून घेतलं. माझा आकडा वहीत तसाच राहिला.

उडता माणूस दिसला त्याच दिवशी मी भावाच्या बायकोला फोन केला. म्हटलं, "तो माणूस येतो. मी आज पाहिला. तो खरं बोलत होता."

"हो ने," ती शांतपणे म्हणाली. "मला दाखवला होता त्यांनी."

"अजून एक आहे," मी म्हटलं, आणि हिंचक्याचं, हाकांचं, अडॅप्टरचं सांगायला लागलो. तिने मला मध्येच थांबवलं.

"मोटाभाई, मला माहीत आहे. ते सांगायचे. दादा आला, पण त्याने बघितलं नाही, तोंड फिरवलं."

मग मी विचारलं, "आईला का नाही सांगितलं त्याने? बाबांना?"

"मी विचारलेलं. तर म्हणाले, जवा दे ने, जाऊ दे, दादाचं घरात एवढं नाव आहे."

मी समजत होतो की माझी लबाडी कुणाला दिसली नाही. तो दहा वर्षांचा मुलगा माझ्याकडेच पाहत होता आणि त्याला सगळं दिसलं होतं. पुढची तेहतीस वर्षं तो त्या विनोदावर माझ्यासमोर बसून हसला.

दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं. ती डायनिंग टेबलावर वालोळीच्या शेंगा निवडत होती. मी पहिल्यापासून सांगितलं, काही वगळलं नाही. तिचे हात चालू होते. "अडॅप्टर" म्हटल्यावर ते थांबले.

"म्हणजे त्या रात्री मी त्याला उपाशी झोपवलं," ती म्हणाली, "ते खरं बोलल्याबद्दल."

"तुझी चूक नाही ती. माझी आहे."

"तू मला शिकवू नकोस माझी चूक कुठली ते." ती एवढी चिडलेली मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. मग म्हणाली, "आणि बाकीच्या? भरूचचा पूल आणि ते सगळं?"

"त्या थापाच होत्या, आई."

"तुला काय माहीत? तू पाहिलंस?"

तिने एक शेंग उचलली, परत ठेवली, आणि मला ज्याची भीती होती ते विचारलं. "जेवण जात नाही म्हणाला होता, ते? दोन घास खाल्ले की पोट भरतं म्हणाला होता. मी म्हटलं, बायकोच्या हातचं आवडत नाही वाटतं, म्हणून थापा मारतोय. ते मला म्हणाला तेव्हा होळी होती. तुला कधी म्हणाला?"

इथे मला थांबता आलं असतं. तिला माझं उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत करून देणारा आता कुणी नव्हता. "आठवत नाही" म्हटलं असतं तर तिने मानलं असतं. माझ्यावर तिचा तेवढा विश्वास होता.

मी म्हटलं, "संक्रांतीला. गच्चीवर. तुझ्या दोन महिने आधी."

"तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, उडता माणूस जेवून जातो का तुझं?"

"आणि तो?"

"हसला."

डॉक्टर म्हणाले होते की दोन महिन्यांनी फार फरक पडला नसता. ते मी आईला पुन्हा सांगितलं. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. ती उठली, निवडलेली आणि न निवडलेली वालोळ एकाच पातेल्यात टाकली आणि आत गेली. त्या दिवशी आम्ही दोघं वेगवेगळे जेवलो. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

रविवारी मामाचा इंदूरहून फोन येतो, गेली कित्येक वर्षं. तो आईच्या फोनवरच करतो. या रविवारी त्यांचं बोलणं चाललं होतं, मी शेजारी पेपर वाचत होतो. गुडघे, औषधं, भाचीच्या मुलीचं लग्न. मग फोनमधून मामाचा मोठा आवाज बाहेर ऐकू आला. कुणीतरी लग्नाला न येण्याचं काहीतरी कारण दिलं होतं आणि मामा म्हणत होता, "म्हटलं, वाटेत उडता माणूस भेटला असेल! आपला थापाड्या असता तर—"

आई हसली नाही. ती म्हणाली, "थांब, जरा याच्याशी बोल," आणि फोन माझ्यापुढे धरला.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने हात तसाच ठेवला. मी फोन घेतला.

"काय हो प्रोफेसर," मामा म्हणाला, "काय म्हणताय?"

"मामा," मी म्हटलं, "त्या दिवाळीत मी आतल्या खोलीत वाचत होतो."

"कुठल्या दिवाळीत?"

मी सांगायला लागलो. आई समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होती, एखादा शब्द गळतो का म्हणून.